मोरोक्कोतील खाणे आणि जेवणाच्या रीती : मराठी प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोरोक्कोला निघालेल्या मराठी प्रवाशांकडून खाण्यापिण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सोप्या गोष्टी आधी आणि अडचणीच्या नंतर असा क्रम ठेवला असून, एकच माहिती दोनदा देण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरांत आलेले स्थानिक शब्द मुख्यतः दारिजा, म्हणजे मोरोक्कोच्या बोली अरबीतले आहेत.

१. मोरोक्कन जेवण तिखट असते का? आपल्या जिभेला ते रुचेल का?

तिखट नसते. जिरे, सुंठ, हळद, दालचिनी, मिरी, केशर आणि गोडसर लाल पापरिका हे मसाले आपल्या ओळखीचेच आहेत, पण ते वापरण्याची रीत वेगळी आहे. मोरोक्कोत आपल्यासारखी फोडणी देत नाहीत. कांदा, मसाले, तेल आणि मांस किंवा भाज्या बहुधा सुरुवातीलाच एकत्र घालून मंद आचेवर बराच वेळ शिजवतात, त्यामुळे मसाला रसात मुरलेला असतो आणि जिभेवर झणका येत नाही. पहिल्या दिवशी हे जेवण सपक वाटल्याचे अनेक जण कळवतात. दोन-तीन दिवसांत चव उलगडू लागते, असा माझा अनुभव आहे. भाजलेल्या मांसाबरोबर मीठ आणि जिरेपूड वेगळी ठेवतात. तिखट हवेच असेल, तर हरिसा ही लाल मिरचीची चटणी मागावी. ती बऱ्याच ठिकाणी मिळते.

आपल्याला खरे अनोळखी वाटते ते मांसाबरोबरचे गोड. मटणात सुके आलुबुखारे, जर्दाळू किंवा मध घालतात, आणि फेस शहराची ख्याती असलेल्या पास्तियात कबुतराचे किंवा कोंबडीचे मांस व बदाम पातळ पापुद्र्यांत गुंडाळून वर पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरतात.

२. ताजिन आणि कुसकुस यांत फरक काय? ताजिन हे भांड्याचे नाव आहे की पदार्थाचे?

दोन्हींचे. शंकूसारख्या उंच झाकणाचे मातीचे भांडे म्हणजे ताजिन, आणि त्यात कोळशाच्या मंद धगीवर शिजणारा रसदार पदार्थ म्हणजेही ताजिन. आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली उतरते, म्हणून पाणी थोडे घालूनही मांस मऊ होते. ताजिन भाकरीसारख्या गोल, जाड पावाबरोबर खातात. या पावाला खोब्ज म्हणतात.

कुसकुस म्हणजे रव्याला पाण्याचा हात लावून, तळहाताने वळून केलेले बारीक कण. खालच्या भांड्यात मांस-भाज्यांचा रस्सा शिजत असतो आणि त्याच्या वाफेवर, वरच्या चाळणीत, हे कण दोन-तीन वेळा वाफवून मोकळे करतात. आपल्या उपम्याशी तुलना करण्याचा मोह होतो, पण यातला रवा भाजलेला नसतो आणि तो पाण्यात शिजतही नाही. अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून केलेल्या अर्जावरून युनेस्कोने २०२० साली कुसकुस करण्याच्या आणि खाण्याच्या परंपरेची अमूर्त वारसा यादीत नोंद केली.

३. एकाच थाळीतून सगळ्यांनी जेवायचे, हे आम्हाला जमेल का? उष्ट्याचे काय?

या प्रश्नामागचा संकोच मला पूर्ण समजतो, कारण आपल्या घरांत उष्ट्या-खरकट्याचा विचार लहानपणापासून मनात बसलेला असतो. पण मोरोक्कन पंगतीच्या रीती नीट पाहिल्या, तर त्यांतही त्याच काळजीची दुसऱ्या पद्धतीने घेतलेली दखल दिसते.

गोल, बुटक्या टेबलावर मधोमध एक मोठे ताट येते आणि सर्व जण त्याच्याभोवती बसतात. प्रत्येकाने फक्त आपल्या समोरचा भाग खायचा असतो. पलीकडचा बटाटा कितीही चांगला दिसला, तरी हात तेथे न्यायचा नाही. पावाचा लहान तुकडा तोडून, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत धरून त्याने रस्सा आणि भाजी उचलायची. एकदा चावलेला तुकडा पुन्हा रश्श्यात बुडवत नाहीत आणि जेवण चालू असताना बोटे चाटत नाहीत, कारण तीच बोटे पुन्हा सर्वांच्या ताटाकडे जाणार असतात.

मांस मध्यभागी असते आणि ते शेवटपर्यंत राखून ठेवतात. आधी रस्सा आणि भाज्या, मग यजमान किंवा घरातले मोठे माणूस मांसाचे तुकडे करून एकेकाच्या बाजूला सरकवते. पाहुण्याने मांसाला आधी हात घालणे उतावीळपणाचे दिसते. कुसकुस जाणकार मंडळी तळहातावर गोळा वळून खातात. पाहुण्यांसाठी मात्र चमचे ठेवतात आणि चमच्याने खाण्यात काहीही कमीपणा नाही. कोणाला अगदीच जमत नसेल, तर वेगळी बशी मागता येते. हॉटेलांत तर प्रत्येकाचे ताजिन बहुधा स्वतंत्रच येते.

४. उजव्या हाताने जेवायचे हे आपल्याला माहीतच आहे. मग आपण कोठे चुकतो?

वाढण्यात चुकतो. आपल्याकडे जेवताना उजवा हात खरकटा असतो, म्हणून पळी किंवा डाव आपण डाव्या हाताने धरतो आणि शेजाऱ्याला चपातीही डाव्या हाताने देतो. आपल्या दृष्टीने ती स्वच्छतेची खूण आहे. मोरोक्कोत मात्र डाव्या हाताने कोणाला पाव देणे किंवा सामाईक ताटाला डावा हात लावणे अशिष्ट मानले जाते. पाव पुढे करताना उजवा हातच वापरावा. डावखुऱ्या व्यक्तींनी यजमानांना आधी सांगून चमचा घ्यावा.

जेवणाआधी हात धुण्यासाठी घरातले कोणी झारी, तस्त आणि टॉवेल घेऊन फिरते. बसल्या जागी हात पुढे करायचे, उठायची गरज नसते. ‘बिस्मिल्लाह’ म्हणून यजमान सुरुवात करतात, तोपर्यंत थांबावे.

५. कोणाच्या घरी जेवायला बोलावले, तर काय न्यावे आणि किती खावे?

मिठाई, फळे, खजूर किंवा चांगला चहा न्यावा. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा मोठा शंकू ही तेथील जुनी, मानाची भेट आहे आणि ती अजूनही चालते. घरून नेलेला काजूकतलीचा डबाही आनंदाने स्वीकारला जातो. दारू नेऊ नये. गालिचा अंथरलेल्या खोलीत शिरताना पादत्राणे काढावीत. काही घरांत, विशेषतः खेड्यांत, पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या खोल्यांत जेवतात. ज्या खोलीत बसवतील तेथे बसावे.

खाण्याच्या बाबतीत मराठी माणसाला वेगळे शिकवण्याची गरज नाही, कारण आग्रह दोन्हीकडे सारखाच आहे. ‘कूल, कूल’ म्हणजे ‘खा, खा’ हे शब्द तुम्ही दहा वेळा ऐकाल. पहिल्या ‘नको’ला येथेही कोणी जुमानत नाही. म्हणून सुरुवातीला हळूहळू खावे, कारण समोरचे ताट हे बऱ्याचदा पहिलेच ताट असते आणि त्यामागून दुसरे, मग फळे, मग चहा येतो. खरोखर पोट भरले, की उजवा हात छातीवर ठेवून ‘सफी, अल्हम्दुलिल्लाह’ म्हणावे. ‘सफी’ म्हणजे पुरे. जेवणाऱ्याला ‘बसहा’ (आरोग्य लाभो) म्हणतात आणि त्याचे उत्तर ‘अल्लाह यातिक सहा’ असे देतात.

पाव कधीही टाकू नये. रस्त्यात पडलेला पावाचा तुकडा उचलून, पायाखाली येणार नाही अशा जागी ठेवणारी माणसे तुम्हाला दिसतील. अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

६. पुदिन्याचा चहा नाकारला तर राग येतो का? मधुमेह असलेल्यांनी काय करावे?

पहिला पेला नाकारणे टाळावे. चहा हे आदरातिथ्य आहे, आणि दुकानात चहा घेतला म्हणून खरेदी केलीच पाहिजे असे बंधन नसते. चीनहून येणारा, गोळ्यांसारखा वळलेला हिरवा चहा, ताजा पुदिना आणि भरपूर साखर असे त्याचे स्वरूप आहे. किटली उंच धरून ओततात, त्यामुळे चहा थोडा निवतो, त्यात हवा मिसळते आणि पेल्यावर फेस येतो. गंमत अशी, की राष्ट्रीय पेय वाटणारा हा चहा सर्वसामान्यांत रुळला तो एकोणिसाव्या शतकात. क्रिमियाच्या युद्धामुळे (१८५३–५६) नेहमीच्या बाजारपेठा अडल्यावर ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आपला चिनी चहा टँजियर आणि मोगादोर, म्हणजे आजचे एसाउइरा, या बंदरांकडे वळवला.

मधुमेह असलेल्यांनी कॅफेत ‘ब्ला सुक्कर’ (साखरेशिवाय) असे मागवावे. घरी मात्र साखर किटलीतच उकळलेली असते, म्हणून चहा चढवण्यापूर्वी सांगावे, किंवा एक-दोन घोट घेऊन पेला भरलेला ठेवावा. रिकामा पेला पुन्हा भरला जातो.

७. मी शुद्ध शाकाहारी आहे. ‘भाज्यांचे कुसकुस’ मागवले तर ते नक्की शाकाहारी असते का?

नाही, आणि सर्वाधिक फसगत येथेच होते. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे कुसकुस रश्श्याच्या वाफेवर शिजते आणि तो रस्सा बहुधा मांसाचाच असतो. ‘सात भाज्यांचे कुसकुस’ या नावात फक्त भाज्यांची मोजदाद आहे. त्यात मांस नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. भाज्यांच्या ताजिनमध्येही कधीकधी हाड घालून शिजवतात आणि वाढताना ते काढून घेतात. यात फसवण्याचा हेतू नसतो. मांसाचा तुकडा ताटात नसला की पदार्थ मांसाविना झाला, अशी तेथील सर्वसाधारण समजूत आहे.

म्हणून ‘अना नबाती’ (स्त्रियांनी ‘अना नबातिया’), म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, एवढ्यावर थांबू नये. ‘ब्ला ल्हम, ब्ला द्जाज, ब्ला हूत’ म्हणजे मांस, कोंबडी आणि मासे नकोत असे एकेक नाव घ्यावे, आणि त्यापुढे ‘ब्ला मरका दियाल ल्हम’ म्हणजे मांसाचा रस्साही नको, हे आवर्जून सांगावे. अंडे चालत नसेल, तर ‘ब्ला बैद’ जोडावे. तुमच्या रियादमध्ये, म्हणजे अंगणाभोवती बांधलेल्या जुन्या घरातील निवासात, हे आदल्या दिवशीच कळवावे. ताजिन काही तास आधी चढवलेले असते, त्यामुळे ऐन जेवणाच्या वेळी केलेली विनंती स्वयंपाक्याला इच्छा असूनही पाळता येत नाही.

निर्धास्तपणे मागवण्याजोगे पदार्थ कमी नाहीत. जाअलूक म्हणजे वांगी आणि टोमॅटो लसूण-जिऱ्यासह शिजवून घोटलेला, आपल्या भरताचा जवळचा नातेवाईक. तक्तूका हा भाजलेल्या ढोबळी मिरचीचा आणि टोमॅटोचा प्रकार. बिसारा हे वाळवलेल्या बाकल्याच्या डाळीचे दाट सूप सकाळी ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड घालून देतात. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडील गावांत त्याच्यासारखे दुसरे काही नाही. लूबिया (पांढरा घेवडा) आणि आदस (मसूर) सर्वत्र मिळतात, पण त्यांत हाड नाही ना, हे विचारावे.

पुढील पदार्थांपासून सावध राहावे. हरिरा हे टोमॅटो, मसूर आणि हरभऱ्याचे सूप दिसायला शाकाहारी असले, तरी त्यात बहुधा मांसाचे बारीक तुकडे किंवा मांसाचा रस असतो. सेफ्फा हा दालचिनी-साखर घातलेल्या शेवयांचा ढीग असतो, पण त्याच्या ‘मदफूना’ प्रकारात आत कोंबडी दडवलेली असते. खलीअ म्हणजे वाळवून चरबीत मुरवलेले मांस. ते न्याहारीच्या अंड्यांत येते. स्मेन हे मात्र मुरवलेले खारट तूप आहे. त्याचा वास उग्र असला, तरी ते लोण्याचेच असते.

८. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांचे किंवा जैन प्रवाशांचे काय?

शिजवलेल्या मोरोक्कन पदार्थांत कांदा किंवा लसूण नसणे दुर्मीळ आहे. ‘ब्ला बसला, ब्ला तूमा’ असे सांगता येते, पण त्याचा उपयोग मुख्यतः रियादमध्ये किंवा स्वतःसाठी वेगळे शिजवून घेताना होतो. न्याहारी मात्र अगदी सोयीची आहे : मसमन ही घडीची चौकोनी पोळी, आंबोळीसारखी जाळीदार बगरीर, रव्याची हर्शा, आणि त्यांबरोबर मध, ऑलिव्ह, किंवा बदाम, आर्गन तेल (आर्गन या झाडाच्या बियांचे तेल) व मध यांचे अमलू. मसमनचा कांदा आणि चरबी भरलेला प्रकारही विकतात, म्हणून साधी मागावी. दुपारसाठी फळे, सुका मेवा आणि घरून नेलेला खाऊ जवळ ठेवावा.

९. मांसाहार चालतो, पण गोमांस चालत नाही. ते कसे ओळखावे?

‘ल्हम’ म्हणजे नुसते मांस. ते कोणते, हे त्यातून कळत नाही. ‘बगरी’ म्हणजे गोमांस, ‘घनमी’ म्हणजे मेंढीचे मांस आणि ‘द्जाज’ म्हणजे कोंबडी, हे तीन शब्द पाठ करावेत. शहरांतील मेनू फ्रेंचमध्ये असतात. त्यांत ‘बफ’ हे गोमांस, ‘व्हो’ हे वासराचे आणि ‘आन्यो’ हे कोकराचे मांस असते.

कोफ्त्यांसारखे केफ्ता गोमांसाचे, मेंढीचे किंवा दोन्ही मिसळून केलेले असू शकते, म्हणून शंका असल्यास टाळावे. मराकेशची तंजिया, म्हणजे मातीच्या उभट घड्यात मांस, खारवलेले लिंबू, जिरे आणि स्मेन भरून हमामच्या, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाच्या, भट्टीच्या राखेत तासन्‌तास शिजवलेला पदार्थ, गोमांसाचीही असते आणि मेंढीचीही, विचारूनच घ्यावी. मेशुई मात्र अख्ख्या भाजलेल्या कोकराचे असते. कोंबडी, खारवलेले लिंबू आणि ऑलिव्ह यांचे ताजिन हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे, आणि माझ्या मते सर्वांत चविष्टही.

१०. जेवणाच्या वेळा काय? शुक्रवारी काही वेगळे असते का?

दुपारचे जेवण मुख्य असते आणि ते साधारण साडेबारा ते अडीच या वेळात होते. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास चहा आणि पोळ्या-पाव यांचे ‘कासक्रूत’ होते, आणि रात्रीचे जेवण उशिरा.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर घरोघरी कुसकुस असते आणि त्याबरोबर ल्बेन, म्हणजे ताक पितात. अनेक छोट्या खाणावळी कुसकुस फक्त शुक्रवारीच करतात. इतर दिवशी पर्यटकांच्या हॉटेलांत मिळणारे कुसकुस बऱ्याचदा झटपट पाकिटातले असते. जुन्या शहरातील पुष्कळ दुकाने शुक्रवारी दुपारी बंद राहतात, हेही लक्षात ठेवावे.

११. रस्त्यावरचे खाणे आणि नळाचे पाणी सुरक्षित आहे का?

मोठ्या शहरांत नळाचे पाणी शुद्ध केलेले असते, तरी पाहुण्या पोटाला बाटलीचे पाणी बरे. सिदी अली आणि ऐन सैस ही नावे सगळीकडे दिसतात. खाण्यासाठी गर्दीचा ठेला निवडावा आणि समोर तळलेले किंवा उकळते घ्यावे. स्फेंज हे गरम कढईतून निघणारे वडे सकाळी खावेत. माकूदा हा बटाट्याचा वडा पावात घालून देतात, आणि वडापावावर वाढलेल्या माणसाला तो पाहून घर आठवते. त्यात बऱ्याचदा अंडे असते, म्हणून शाकाहारी व्यक्तींनी विचारावे.

१२. मराकेशच्या जामा अल-फना चौकात जेवताना बिल फुगते, असे ऐकले आहे. काय काळजी घ्यावी?

युनेस्कोने २००१ साली गौरवलेला आणि २००८ मध्ये अमूर्त वारसा यादीत आलेला हा चौक संध्याकाळी खाण्याच्या ठेल्यांनी भरून जातो. बसण्यापूर्वी दर लिहिलेला मेनू पाहावा. न मागता समोर ठेवलेले पाव, ऑलिव्ह आणि कोशिंबिरी बिलात येऊ शकतात. नको असल्यास लगेच परत कराव्यात. बोलावणाऱ्यांना हसून ‘ला, शुक्रन’ (नको, धन्यवाद) म्हणावे आणि पुढे चालावे. बसून जेवण्याच्या ठिकाणी दहा टक्क्यांच्या आसपास टिप देतात, कॅफेत सुटी नाणी ठेवतात.

१३. आम्ही मासे खाणारे आहोत. किनाऱ्यावर काय खावे?

तारली खावी. आपल्या तारलीची ही भावकी तेथे सार्डिन म्हणून ओळखली जाते, आणि साफी व अगादिर ही तिची मोठी बंदरे आहेत. कोथिंबीर, पार्स्ली, लसूण, जिरे, पापरिका आणि लिंबू यांचे वाटण, म्हणजे शर्मूला, दोन उघडलेल्या माशांच्या मध्ये भरून ते जोडीने तळतात. एसाउइराच्या बंदरावर ताजे मासे निवडून भाजून घेता येतात. वजन आणि भाजण्यासह एकूण किंमत आधी ठरवावी.

१४. मोरोक्कोत दारू मिळते का?

परवाना असलेल्या हॉटेलांत, बारमध्ये आणि काही मोठ्या दुकानांत मिळते. मेकनेसच्या परिसरात द्राक्षमळे आणि वाइनचे कारखानेही आहेत. कायद्याने मोरोक्कन मुस्लिमांना दारू विकण्यास मनाई आहे. रस्त्यावर पिऊ नये, आणि रमजानमध्ये दुकानांतील हा विभाग बंद असतो असे गृहीत धरावे.

१५. रमजानच्या महिन्यात गेलो, तर दिवसा उपाशी राहावे लागेल का?

नाही. उपास मुस्लिमांसाठी आहे. मुस्लिम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीने सबळ कारणाविना सार्वजनिक ठिकाणी रोजा मोडणे हा मोरोक्कोच्या दंडसंहितेच्या कलम २२२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि ते कलम परधर्मीय प्रवाशाला लागू होत नाही. मराकेश आणि अगादिरसारख्या पर्यटनस्थळी काही हॉटेले दिवसा चालू असतात. लहान गावांत मात्र बहुतेक सर्व बंद असते, म्हणून फळे आणि कोरडा खाऊ जवळ ठेवून तो खोलीत किंवा आडोशाला खावा. तहानलेल्या माणसांसमोर रस्त्यावर पाण्याची बाटली तोंडाला लावणे टाळावे.

सूर्यास्ताची वेळ रोज पाहून ठेवावी. त्याआधीचा अर्धा तास टॅक्सी मिळणे कठीण होते आणि नंतर काही मिनिटांतच रस्ते ओस पडतात, कारण सगळे शहर एकाच क्षणी जेवायला बसते. रोजा सोडण्याच्या या जेवणाला ‘फ्तूर’ म्हणतात. त्यात खजूर, दूध, हरिरा, उकडलेली अंडी आणि मधात बुडवलेली, तिळांनी माखलेली शबाकिया असते. एकट्या प्रवाशाला पाहून दुकानदार आपल्या ताटाशी बोलावतो, असे वारंवार घडते. शक्य असेल तर जावे. हरिऱ्याविषयीची सूचना प्रश्न ७ मध्ये आहे.

घड्याळाकडेही लक्ष असू द्यावे. २०१८ पासून मोरोक्को वर्षभर ग्रीनिचपेक्षा एक तास पुढची वेळ पाळतो आणि फक्त रमजानमध्ये एक तास मागे येतो. त्यामुळे भारताशी असलेले साडेचार तासांचे अंतर त्या महिन्यात साडेपाच होते.

१६. बकरी ईदच्या दिवसांत जाणे योग्य आहे का?

त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस अनेक खाणावळी, दुकाने आणि बाजार बंद राहतात, कारण कामगार आपापल्या गावी गेलेले असतात. कुर्बानीची दृश्ये गल्ल्यांत दिसतात. शाकाहारी कुटुंबांनी आणि लहान मुले सोबत असलेल्यांनी या तारखा टाळाव्यात, असे मी स्पष्टपणे सुचवते. अपवाद म्हणून सांगायचे, तर पशुधन घटल्यामुळे राजे सहावे मोहम्मद यांनी २०२५ मध्ये कुर्बानी न करण्याचे आवाहन केले होते.

१७. एकट्या स्त्रीने कॅफेत बसले तर चालते का?

चालते. मात्र रस्त्याकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या जुन्या कॅफेंत जवळजवळ सर्व पुरुषच असतात, आणि तेथे नजरा अवघडून टाकू शकतात. मिठाईची दुकाने, गच्चीवरील कॅफे आणि कुटुंबे बसलेली ठिकाणे अधिक मोकळी वाटतात. ‘नुस-नुस’ मागवावी, म्हणजे अर्धी कॉफी आणि अर्धे दूध.

१८. बाळंतिणीला तेथेही मेथी देतात, हे खरे आहे का? तो पदार्थ आपल्याला मिळेल का?

खरे आहे. त्या पदार्थाचे नाव र्फिसा. मसमनचे तुकडे करून त्यावर मेथीदाणे, मसूर आणि रास अल-हानूत हा मिश्र मसाला घालून शिजवलेली कोंबडी आणि तिचा रस्सा ओततात. बाळंतिणीला तो पौष्टिक मानून देतात. भाजलेले पीठ, बदाम, तीळ, लोणी आणि मध यांचे सेल्लूही तिच्यासाठी करतात, आणि ते चाखताना डिंकाच्या लाडवांची आठवण येते. र्फिसा घरगुती पदार्थ असल्याने मेनूवर क्वचित दिसते. रियादच्या स्वयंपाकीणबाईंना आदल्या दिवशी विचारावे.

१९. घरी आणण्यासारखे काय आहे?

तालिउइनचे केशर विश्वासू दुकानातून आणि धाग्यांच्याच स्वरूपात घ्यावे. पूड घेऊ नये. रास अल-हानूत थोडेच घ्यावे, कारण प्रत्येक दुकानदाराचे मिश्रण वेगळे असते आणि वास लवकर उडतो. आर्गन तेल विकत घेताना ‘खाण्याचे’ असे स्पष्ट विचारावे. ते भाजलेल्या बियांचे आणि गडद रंगाचे असते, तर त्वचेसाठीचे तेल फिकट असते. खारवलेली लिंबे मिठाच्या पाण्यात असल्यामुळे ती आणि तेल, दोन्ही हातातील सामानात चालत नाहीत. घट्ट झाकणाच्या बरणीत, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावीत.